अर्धोसिनच्या बाटलीतला कापूस

श्रीरंग खांबेटे यांचा छापील किमतीवर विश्वास नव्हता. हा काही त्यांचा स्वभावदोष नव्हे, सरकार त्यांना त्याचाच पगार देत होतं. औषधांच्या किमती ठरवणाऱ्या दिल्लीतल्या एका कचेरीत ते सेक्शन ऑफिसर होते. नियंत्रणाखालच्या एखाद्या गोळीची किंमत पाच पैशांनी जरी वाढवायची झाली, तरी कंपनीला खर्चाचा सगळा तपशील देऊन अर्ज करावा लागे, आणि तो अर्ज फिरत फिरत खांबेट्यांच्या टेबलावर येई. बाकीच्या टेबलांवर कागद नुसते पडून राहत. खांबेट्यांच्या टेबलावर ते तपासले जात, आणि ते कंपन्यांना जास्त महागात पडे.

माणूस मात्र धुतल्या तांदळासारखा. दिवाळीत कंपन्यांकडून येणाऱ्या डायऱ्या, कॅलेंडरं, सुक्यामेव्याचे डबे, सगळं आल्या पावली परत. कुणाचा चहासुद्धा नाही. एखाद्या अर्जात फुगवलेला आकडा सापडला की त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरे, की इतरांच्या चेहऱ्यावर ते पुरणपोळीचं जेवण झाल्यावरच दिसावं.

घरीही तेच. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरखाली भाजीची गाडी आली की खांबेटे विचारत, "भैया, मंडी में क्या भाव उठाया? ठेले का किराया? सड़ा कितना? अच्छा, अब इस पर बारह परसेंट जोड़ो।" भाजीवाला हिशेब जोडत बसे, तोवर बाकीची गिऱ्हाइकं पुढच्या गल्लीत जात. शेवटी त्यानं रविवारी त्या ब्लॉकला यायचंच सोडलं. मग प्रमोदिनीबाई रविवारची भाजी शनिवारीच आणून ठेवू लागल्या आणि नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. त्यांच्या संसारातल्या बऱ्याच अडचणी अशाच, न बोलता सुटलेल्या होत्या.

प्रमोदिनीबाई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवत. "बाई, मी थक गई" असं म्हणणाऱ्या मुलांकडून त्या 'दमले' हा शब्द वदवून घेत आणि स्वतः दमून घरी येत. त्यांना अर्धशिशीचा त्रास होता. आठवड्या-दोन आठवड्यांनी उजव्या भुवईवर एक कळ उठे आणि मग घरात पडदे ओढले जात, रेडिओ बंद होई, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून अरुणा, त्यांची बारा वर्षांची मुलगी, गॅसपाशी राखण करी. एकच गोळी लागू पडे, 'अर्धोसिन'. दहा गोळ्यांची काचेची बुटकी बाटली, किंमत दोन रुपये दहा पैसे. गोळी घेतली की तासाभरात बाई उठून चहा टाकत.

या बाटलीत गोळ्यांवर कापसाचा बोळा असे. गोळ्या हलून फुटू नयेत म्हणून घालतात तो. हा कापूस पांढराशुभ्र, लांब धाग्याचा. प्रमोदिनीबाई तो टाकून देत नसत, त्याच्या फुलवाती करत.

"औषधाच्या बाटलीतला कापूस देवाला चालतो का?" खांबेट्यांनी एकदा विचारलं होतं.

"न चालायला काय झालं? आपण रोज त्याच्यापुढं एवढं गाऱ्हाणं घालतो, त्याचंही डोकं दुखत असेल."

एका श्रावणातल्या संध्याकाळी खांबेटे ऑफिसातून आले, तेव्हा बाई जमिनीवर बसून वाती वळत होत्या. समोर ताटलीत वातींची रांग आणि शेजारी अर्धोसिनची एक रिकामी बाटली. खांबेट्यांनी चपला काढल्या, बाटलीकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं आणि वाती मोजल्या. सतरा भरल्या. त्यांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. कारण योगायोग असा, की अर्धोसिनचाच अर्ज त्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर होता. कंपनीला किंमत दोन रुपये पंचेचाळीस पैसे करून हवी होती. कच्चा माल महागला, असं तिचं म्हणणं. आणि पॅकिंगच्या खर्चात एक ओळ होती, कापूस.

"या वाती मी नेऊ?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसात? कशाला? आरती आहे का काही?"

"कामाच्या आहेत," खांबेटे म्हणाले आणि सतराच्या सतरा वाती पाकिटात घालून आत घेऊन गेले. बाईंनी कपाळाला हात लावला आणि देवापुढं त्या दिवशी साध्या दोऱ्याची वात लावली.

दुसऱ्या दिवशी फायलीवर टिपण पडलं. टिपण अर्थात इंग्रजीत होतं, पण त्याचा मराठीत मथितार्थ असा: 'प्रत्येक बाटलीतील कापूस मध्यम आकाराच्या सतरा फुलवातींस पुरेल इतका असून, दहा गोळ्यांची हालचाल रोखण्यास एवढ्या कापसाची गरज दिसत नाही. कंपनीने खुलासा करावा. नमुना सोबत, परिशिष्ट ग.' आणि पाकीट फायलीला टॅगनं बांधलं.

वरचे अधिकारी माथुरसाहेब, लखनौचे, सज्जन आणि निवृत्तीला आलेले. त्यांनी खांबेट्यांना बोलावून घेतलं. "खांबेटेजी, ये फुलवाती क्या चीज़ है?"

"सर, दिये की बत्ती।"

"कंपनी दिये बनाती है?"

"नहीं सर, बत्ती मेरी वाइफ ने बनाई।"

माथुरसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि फायलीवर लिहिलं, 'मध्यम आकार म्हणजे किती, स्पष्ट करावे.' खांबेट्यांनी स्पष्ट केलं, उंची एक इंच, बुडाचा घेर पाव इंच. जास्तीच्या कापसाचे बाटलीमागे दोन पैसे, वर्षाला अठरा लाख बाटल्या, म्हणजे देशाचे छत्तीस हजार रुपये वाचणार होते. हा आकडा त्यांनी दोनदा अधोरेखित केला.

कंपनीनं खुलासा पाठवला. तो परत गेला, कारण पाच प्रती हव्या होत्या आणि आल्या चार. दुसरा खुलासा आला, त्यात कापसाचं वजन होतं, पण वाती किती होतील ते नव्हतं. तिसऱ्यात बाटलीचा उभा छेद काढून दाखवला होता. चौथ्या खेपेला कंपनीचे दिल्लीतले माणूस गुणवंत रेगे स्वतः आले. मराठी माणूस मराठी माणसाला समजून घेईल अशी त्यांना आशा होती. ती माणसाला कधी ना कधी असतेच.

"साहेब, फॅक्टरीत बायका चिमटीनं कापूस घालतात हो. एवढा एवढा."

"चिमटी किती ग्रॅमची?"

"आता चिमटीचं वजन कोण करतं, साहेब! तुम्ही फॅक्टरीला या, डोळ्यांनी बघा."

"कंपनीच्या खर्चानं? शक्य नाही."

"मग बाजारातली एक बाटली उघडून बघा. मी खालून आणून देतो."

"तुम्ही आणलेल्या बाटलीत कापूस कमीच असणार," खांबेटे म्हणाले. "तुमची पाठवणी आणि तुमचाच आहेर! आमच्याकडे स्वतंत्र पुरावा आहे."

रेगे पाकिटातल्या स्वतंत्र पुराव्याकडे हताशपणे बघत राहिले. खरं तर खांबेट्यांनी स्वतः दोन रुपये दहा पैसे टाकून एक बाटली आणली असती तरी भागलं असतं. पण फायलीला एकदा परिशिष्ट जोडलं, की त्यावर शंका घेणं म्हणजे स्वतःवर शंका घेणं. ती सवय त्यांना नव्हती. दुसऱ्यांवर घ्यायचीच एवढी होती की वेळ कुठं मिळणार!

असं दीड वर्ष गेलं. बिल्डिंगमध्ये लोक त्यांना 'रुईवाले साब', म्हणजे कापूसवाले साहेब, म्हणू लागले, आणि खांबेटे ते कौतुकानं म्हणतात असं धरून चालले.

मग एक दिवस प्रमोदिनीबाई शाळेतून आल्या आल्या म्हणाल्या, "अहो, अर्धोसिन मिळेना झालंय. चार दुकानं फिरले. घरात दोनच गोळ्या उरल्यात."

खांबेटे म्हणाले, "मिळेल. मी बघतो."

त्यांनी पाहिलं. सरोजिनी नगर पाहिलं, पहाडगंज पाहिलं, आणि एका शनिवारी बसनं करोल बागेत सेठी केमिस्टकडे गेले. एशियाडसाठी सगळी दिल्ली खणून ठेवली होती. बसला दीड तास लागला. सेठी हा त्यांचा जुना दुकानदार, कारण एकदा खांबेट्यांनी त्याचं बिल तपासलं होतं आणि ते बरोबर निघालं होतं.

"अर्धोसिन? भूल जाइए, साहब," सेठी म्हणाला. "कंपनी ने बनाना बंद कर दिया। पुराने रेट में घाटा, नया रेट मिलता नहीं। कहते हैं मिनिस्ट्री में कोई बाबू बैठा है, रुई गिनता है।"

"रुई?" खांबेट्यांनी विचारलं.

"हाँ जी, रुई! अक्ल का अंधा। ऐसे आदमी को तो रुई में लपेट के अलमारी में रख देना चाहिए। है कि नहीं?"

"बिल्कुल," खांबेटे म्हणाले. "बिल्कुल।"

सेठीनं काउंटरवर दुसरी एक पट्टी ठेवली. अर्धोसिन गोल्ड. त्याच कंपनीची, तीच गोळी, फक्त आत चिमूटभर व्हिटॅमिन. व्हिटॅमिन घातलं की ती नियंत्रणाच्या यादीतून बाहेर, आणि किंमत अकरा रुपये. खांबेट्यांनी पट्टीवरचा बारीक मजकूर उभ्या उभ्या तीनदा वाचला. कायद्याला वळसा कसा घातला ते त्यांना तात्काळ कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी पट्टी परत केली आणि बाम घेऊन घरी आले.

नेमकं त्याच संध्याकाळी बाईंचं डोकं चढलं. शेवटच्या दोन गोळ्या आदल्या आठवड्यातच संपल्या होत्या. बाई अंधाऱ्या खोलीत पडल्या होत्या आणि खांबेटे उशाशी बसून त्यांना सांगत होते की अशी जास्तीची जीवनसत्त्वं घालून कंपन्या जनतेला कसं लुबाडतात, आणि तत्त्वाखातर आपण ती पट्टी का घेता कामा नये.

प्रमोदिनीबाईंनी डोळे न उघडता विचारलं, "अहो, माझं डोकं तुमच्या यादीच्या आतलं आहे की बाहेरचं?"

खांबेट्यांनी बाम उघडला आणि त्यांच्या कपाळावर चोळायला घेतला. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच्या पैशानं गोल्ड आणलं. ते त्यांना पचलं नाही, दोनदा उलटी झाली. उरलेली पट्टी कपाटात पडली आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत बाईंच्या शाळेतल्या सहा रजा गेल्या. दहावीची उजळणी कुणी घ्यायची म्हणून मुख्याध्यापक रोज निरोप पाठवत.

मे महिन्यातला रविवार होता. बाहेर लूचा तापलेला वारा वाहत होता. बाईंचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. कूलरची घरघर सोसेना, म्हणून तो बंद केला होता. अरुणा शेजारी गेली होती आणि खांबेटे बायकोला पुठ्ठ्यानं वारा घालत होते. स्वतः घामानं निथळत होते. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं आणि ते वाईट वाटणं कुठल्या रकान्यात भरायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"अहो," बाई हळूच म्हणाल्या, "तो सेठी मला फोनवर सांगत होता. तुमच्याच खात्यातला कुणी माणूस आहे म्हणे, कापसावर अडून बसलाय. ओळखता का तुम्ही?"

पुठ्ठा थांबला. "ओळखतो."

"बायको आहे का त्याला?"

"आहे."

"मग तिचं डोकं दुखत नसणार."

"दुखतं," खांबेटे म्हणाले.

 मग प्रमोदिनीबाईंनी डावा डोळा उघडला. उजवा उघडवत नव्हता. त्या एका डोळ्याखाली खांबेट्यांनी सगळं सांगून टाकलं. श्रावणातली संध्याकाळ, पाकीट, परिशिष्ट ग, एका बाटलीत सतरा वाती.

"एका बाटलीत?" बाई म्हणाल्या. "अहो, तो संक्रांतीपासूनचा कापूस होता. सहा बाटल्यांचा! डब्यात साठवला होता मी. एका बाटलीत कशाबशा तीन होतात."

खांबेट्यांचा आ वासला. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कधी? वाती उचलल्या आणि निघालात."

हे बरोबर होतं. कंपनीला त्यांनी चार वेळा खुलासा विचारला होता. माथुरसाहेबांना इंचाचा हिशेब दिला होता. ज्या बाईनं वाती वळल्या, तिला मात्र एक साधा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. आणि ती बाई तर रोज सकाळ-संध्याकाळ त्यांना वाढत होती.

तेवढ्यात बाईंचे खांदे हलायला लागले. खांबेट्यांना वाटलं, रडते आहे. पण त्या हसत होत्या. "हसवू नका हो," त्या कपाळ दाबत म्हणाल्या, "कळ जाते डोक्यात." आणि मग खरंच डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचं किती आणि दुखण्याचं किती, हे खांबेट्यांनी पहिल्यांदाच मोजलं नाही.

सोमवारी त्यांनी फाईल काढली. आधी पहिल्या पानावर लिहिलं, 'निम्नस्वाक्षरीकाराची पत्नी सदर औषधाची ग्राहक असल्याने त्याचा या प्रकरणाशी वैयक्तिक संबंध आहे.' आणि फाईल दुसऱ्या कुणाकडे द्यावी म्हणून माथुरसाहेबांपुढं ठेवली.

माथुरसाहेब म्हणाले, "खांबेटेजी, सिर तो मेरी सास का भी दुखता है। जिसके घर में किसी का सिर न दुखे, ऐसा अफ़सर मैं कहाँ से लाऊँ? आप ही निपटाइए।"

मग खांबेट्यांनी चूक कबूल करणारं टिपण लिहायला घेतलं. माथुरसाहेब जाता जाता सल्ला देऊन गेले, "टाइपिंग मिस्टेक लिख दीजिए, यार। सब यही लिखते हैं।" पण टायपिंगची चूक झालेलीच नव्हती. खांबेट्यांनी कंपन्यांचं खोटं चालवून घेतलं नव्हतं, स्वतःचं कसं चालवतील? दोन तास पेन चावून त्यांनी लिहिलं:

'परिशिष्ट ग मधील सतरा फुलवाती एका बाटलीतील नसून सहा बाटल्यांतील कापसाच्या आहेत. ही माहिती निम्नस्वाक्षरीकाराच्या पत्नीस होती. पत्नीस विचारण्यात आले नव्हते.'

कापसाचा आक्षेप मागे घेतला. तरी त्यांची नजर लेबलाच्या छपाईवर अडलीच. चार पैसे जास्त लावलेले दिसत होते. जुन्या सवयीनं हात 'कंपनीने खुलासा करावा' एवढं लिहायला उचलला गेला, आणि थांबला. खुलासा म्हणजे आणखी दोन महिने. दोन महिने म्हणजे किती रविवार, ते आता त्यांना ठाऊक होतं. ते उठले, रेकॉर्डमधून दुसऱ्या औषधाची फाईल काढली, त्यातला छपाईचा दर पाहिला आणि चार पैसे स्वतःच वजा करून टाकले. अर्धा तास लागला. वीस वर्षांच्या नोकरीत प्रश्न न विचारता त्यांनी प्रथमच उत्तर शोधलं होतं. किंमत ठरली दोन रुपये एक्केचाळीस पैसे.

फाईल वर गेली. माथुरसाहेबांनी सही केली. त्यांच्या वरच्यांनी केली. त्यांच्याही वरच्यांनी, फार वाचत नाहीत अशी ज्यांची ख्याती होती, त्या साहेबांनी मात्र ते टिपण पूर्ण वाचलं. मंजुरीच्या सहीशेजारी त्यांनी हिरव्या शाईनं एक ओळ लिहिली, 'यापुढे विचारण्यात यावे.' फाईल खाली उतरेपर्यंत ती ओळ प्रत्येक मजल्यावरच्या चहावाल्याला पाठ झाली होती. पाकिटात तेव्हा चौदाच वाती उरल्या होत्या, पण त्याबद्दल कुणी टिपण लिहिलं नाही.

गोळ्या बाजारात यायला ऑगस्ट उजाडला. सेठीचा निरोप आला तशी खांबेटे त्याच दिवशी करोल बागेत गेले. काउंटरवर सहा-सात माणसं होती. त्यांच्या पुढं एक म्हाताऱ्या सरदारणीबाई होत्या. त्यांनी पाच बाटल्या मागितल्या.

"पाँच क्या करोगी, माताजी? अब तो आती रहेगी," सेठी म्हणाला.

"फिर बंद हो गई तो? छह महीने दुपट्टा कस के बाँधा सिर पर, पुत्तर। दीवार से सिर मारने को जी करता था।"

खांबेट्यांना वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. इतके दिवस त्यांच्या डोळ्यांपुढं एकच डोकं होतं, घरातलं. अठरा लाख बाटल्यांचा हिशेब त्यांनी दोनदा अधोरेखित केला होता, आणि त्या बाटल्यांमागं माणसं असतात हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना फार लाज वाटली.

"और वो रुई वाला बाबू?" रांगेतल्या कुणीतरी विचारलं. "निकाल दिया उसको?"

"ट्रांसफर हो गया होगा," सेठी म्हणाला. "ऐसों का क्या बिगड़ता है!"

"नहीं हुआ," खांबेटे म्हणाले. मग पिशवी सावरत पुढं बोलले, "वहीं बैठा है। मैं ही हूँ वो।"

 सेठीनं खांबेट्यांकडे नीट पाहिलं. घामेजलेला शर्ट, हातात कापडी पिशवी, बसचं तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचलेलं. मग तो खो खो हसत सुटला.

"साहब भी मज़ाक अच्छा करते हैं! अरे, वो बाबू अपनी दवाई लेने यहाँ लाइन में थोड़ी खड़ा होगा!"

सगळी रांग हसली. सरदारणीबाईसुद्धा हसल्या आणि जाताना खांबेट्यांच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. खांबेट्यांनी दोन बाटल्या घेतल्या आणि चार रुपये ब्याऐंशी पैसे मोजून दिले. पुन्हा एकदा सांगावं असं त्यांच्या फार मनात आलं, पण दुसऱ्यांदा काही त्यांना धीर झाला नाही.